ताडपत्रीखालची टकटक

"हौद भरलेला असतो ना वहिनी, तेव्हा सगळे जपून असतात. पाणी काढलं की माणूस गाफील होतो," गिलाव्याचा मिस्त्री तिला म्हणाला होता. "खाली माणूस उतरला की काठावर दुसरा माणूस पाहिजेच. आणि ॲसिड मारायच्या दिवशी तर डोळा हलवायचा नाही."

"माझा डोळा हिच्यावरून हलतो कुठे?" ती म्हणाली आणि ठकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"पोरीचं नाही म्हणत मी..."

पण तेवढ्यात ठकीने त्याच्या कानावरची पेन्सिल ओढून तोंडात घातली, ती काढून घेतल्यावर भोकाड पसरलं, आणि मिस्त्रीचं वाक्य तिथेच राहिलं. तिनेही पुन्हा विचारलं नाही. का विचारावं? आल्यापासून तो माणूस नुसती भीतीच विकत होता. हा तडा वाढेल, ती भिंत खचेल, जमिनीखालचं पाणी जोर करेल आणि रिकामा हौद होडीसारखा वर येईल. काम मिळवायचं तर आधी घाबरवून सोडायचं, त्यातलाच हा प्रकार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

तो गेल्यावर बाबा खो खो हसले. बाबा म्हणजे तिचे सासरे.

"होडीसारखा वर येईल म्हणे! मग वल्ही पण तोच देणार असेल. सूनबाई, याला काम देणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. मी करतो."

"तुम्ही?"

"का? मोडलेल्या यंत्रावर पुस्तकं छापली आहेत मी. हा तर नुसता गिलावा."

हौद हे घरातलं लाडाचं नाव. खरं तर तो पोहण्याचा लहानसा तलाव होता, एका टोकाला कमरेइतका, दुसऱ्या टोकाला उंच माणूस बुडेल इतका. घर विकत घेतलं तेव्हा तो घराबरोबर आला आणि फुकट आलेली वस्तू सगळ्यात महाग पडते, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं. आधीच्या मालकाने पाण्याची निगा कधी राखलीच नव्हती. पाण्यातल्या आंबटपणाने गिलावा खाऊन टाकला होता. तळ किसणीसारखा खरखरीत, भिंतींवर गंजाचे तपकिरी ओघळ, आणि जागोजागी पोपडे सुटलेले. त्या किसणीवर ठकीचे दोन्ही गुडघे सोलवटून निघाले. एक गुडघा चिघळला, ताप चढला, आणि तो उतरेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

त्या दिवसांत जेवताना ती फाडकन बोलून गेली होती, "मी पोरीला पुन्हा ह्या हौदात उतरवणार नाही. बुजवून टाका एकदाचा."

बाबांचा घास हातातच राहिला होता. संध्याकाळी गुडघ्यापर्यंत पँट दुमडून हौदाच्या पायरीवर बसायचं आणि ठकीला पाण्यात धरून 'पाय मार, पाय मार' करायचं, एवढंच त्या माणसाचं दिवसभराचं सुख होतं. सासूबाईंच्या माघारी दुसरं काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंप लावून पाणी उपसायला सुरुवात केली.

आता तिच्या काळजीबद्दल थोडं सांगायला हवं. ठकी झाल्यापासून तिला जगात दोनच प्रकारच्या वस्तू दिसत. ज्यांनी पोरीला इजा होईल अशा आणि ज्यांनी कदाचित होईल अशा. खिडक्यांना जाळ्या, कपाटांना खिट्ट्या, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज. नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात, सुट्टीला तेवढा घरी. तो चेष्टा करायचा, "हिला जमलं तर ही जमिनीला पण गादी घालील." ती म्हणायची, "हसून घे. तुझी लेक धडधाकट आहे ती त्या स्पंजांमुळेच."

त्यामुळे हौद रिकामा झाला तसा तिचा जीव टांगणीला लागला. तिने मागच्या अंगणातल्या फाटकाला कुलूप घातलं. किल्ली स्वयंपाकघरातल्या सर्वांत उंच कपाटावर. वर हौदावर ताडपत्री ओढून तिच्या कडा लोखंडी कड्यांना दोरीने बांधल्या, प्रत्येक गाठीवर दुसरी गाठ. बाबांना आत शिरायला उथळ बाजूच्या पायऱ्यांपाशी एक कोपरा मोकळा ठेवला होता, माणूस वाकून जाईल एवढाच.

बाबांना ताडपत्री सोयीचीच वाटली. "ओला गिलावा उन्हात तडकतो. सावली पाहिजेच," ते म्हणाले. ते उतरले की ती फाटकाला बाहेरून कुलूप लावी आणि जेवायच्या वेळी उघडी. दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

अडचण एकच होती. छापखान्यातल्या घरघरीत बाबांचे कान गेले होते. कानात यंत्र घातलं की ऐकू येई, पण धुळीने ते बिघडेल म्हणून खाली उतरताना ते काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत वाटीत ठेवत. मग वरून कितीही हाका मारा, पालथ्या घड्यावर पाणी. ठकीला घेऊन हौदाच्या काठावर जायला ती तयार नव्हती आणि ठकीला घरात एकटी सोडायलाही नाही.

तो प्रश्न टकटकीने सोडवला. गिलावा कुठे आतून सुटलाय हे वरून दिसत नाही, ठोकून पाहावं लागतं. बाबा हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळा तळ, सगळ्या भिंती वीत वीत ठोकत. भरीव जागी टक्, पोकळ जागी बद्. त्यांना तो आवाज कानाने कळत नसे, दांड्यातून तळहाताला कळे. बद् झालं की खडूने गोल काढायचा, मग छिन्नीने तेवढा भाग फोडायचा, तारेच्या ब्रशने घासायचा आणि पांढरं सिमेंट आणि संगमरवरी भुकटी भरून थापीने गुळगुळीत करायचा. थापी मारतानाही कडेला एक टकटक असतेच. तो आवाज ताडपत्रीखालून अंगण ओलांडून थेट ओट्यापर्यंत येई.

"ठोकत असले की समज, बरं चाललंय," बाबा म्हणाले होते. "थांबलो की चहा ठेव."

"आणि चहा झाल्यावर?"

"मग बिस्किटं काढ. सगळं मीच सांगायचं का?"

तेव्हापासून तिला त्या आवाजाची सवय झाली. भाजी चिरताना, ठकीला भरवताना, कपडे वाळत घालताना कानाच्या एका कोपऱ्यात टकटक चालू असे आणि मन म्हणे, ठीक आहे. नवऱ्याचा फोन आला की ती फोन खिडकीबाहेर धरी. "ऐक तुझ्या वडिलांना." तो हसे. "अजून हौद शिल्लक आहे का, की ठोकून ठोकून पलीकडे निघाले?"

खड्डे भरून झाले. शेवटची जागाही भरली, घासली, वाळली. बाबांनी हातोडी, छिन्नी, थाप्या धुऊन तेलाचा हात फिरवला, फडक्यात गुंडाळल्या आणि मागच्या दाराशी ठेवल्या. राहिले होते गंजाचे डाग. ते ॲसिडने काढायचे. पाण्यात ॲसिड मिसळायचं, लांब दांड्याच्या ब्रशने भिंतीवर फासायचं, फेस आला की पाइपने धुऊन टाकायचं. धुतलेलं पाणी उतारावरून खोल टोकाला जमेल, तिथे सोडा टाकून त्यातल्या ॲसिडचा जोर मारायचा आणि ते बादलीने उपसायचं.

त्या सकाळी बाबांनी नाकावर ओला पंचा बांधला, हातात रबरी मोजे चढवले आणि ते दारात थबकले.

"आजच्या दिवस एका बाजूची ताडपत्री काढू या का? वास कोंडेल."

तिच्या डोळ्यांसमोर उघडा खड्डा आला, आणि त्याच्या काठावर ठकी.

"बाबा, फाटक बंद असलं तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही हो. ती हल्ली खुर्ची ओढून खिट्ट्या काढायला लागली आहे. कोपरा उघडा आहे ना तुमचा?"

"आहे की." त्यांनी क्षणभर विचार केला. "बरं, राहू दे. तासाभराचं तर काम."

त्यांनी कानातलं यंत्र काढून वाटीत ठेवलं. ठकीच्या डोक्यावर टपली मारली. "आज हौद दुधासारखा पांढरा होणार. मग कोण पाय मारणार?"

"मी!"

ती फाटकाला कुलूप लावून आली.

मग नेहमीची सकाळ. पाइपच्या पाण्याचा फवारा ऐकू येत होता. आंबट, झोंबरा वास आला तेव्हा तिने आधी ठकीच्या नाकाचा विचार केला आणि खिडकी लावून घेतली. काचेआडून आवाज मंद झाले. ठकीने वाटीतली पेज जमिनीवर ओतली, ती पुसली. दुसरी वाटी भरली. पाइपचा आवाज थांबला होता. मग बऱ्याच वेळाने टकटक सुरू झाली.

"आजो ठोकतोय," ठकी म्हणाली.

"हो गं. काम करतायत आजोबा. आ कर."

टक्. टक् टक्. मध्ये थांबून पुन्हा टक्. तिने ठकीचं तोंड पुसलं, फ्रॉक बदलला. कानाच्या त्या कोपऱ्यात सगळं ठीक होतं. उलट वास कोंडेल म्हणाले होते ते मनाला लागून राहिलं होतं, आवाज आल्यावर तिला हलकंच वाटलं. आवाज हळू होत गेला तेव्हा तिने चहाचं आधण ठेवलं. आवाज थांबला तेव्हा तिने आल्याचा तुकडा ठेचला.

मळका फ्रॉक टाकायला ती मागच्या दाराशी गेली. तिथे फडक्यातली हातोडी होती. तेल लावलेली, गुंडाळलेली, काल जिथे ठेवली तिथेच.

ती हातोडीकडे बघत राहिली. खड्डे काल संपले होते. मग आज ठोकायचं काय राहिलं होतं?

ठकीला उचलून तिने झोपायच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. ठकीने किंकाळी फोडली. स्टुलावर चढून तिने किल्ली ओढून काढली. कुलूप उघडलं. कोपऱ्यातून आत डोकं घातलं आणि वासाने डोळ्यांत तिखट गेल्यासारखं झालं. तिने मागे सरून गाठी सोडायला घेतल्या. सुटेनात. तिच्याच गाठी त्या, एकीवर एक. धावत जाऊन सुरी आणली आणि दोऱ्या कापत सुटली. ताडपत्री खसाखसा ओढली तेव्हा आत ऊन पडलं.

हौद खरोखर पांढरा झाला होता. खोल टोकाला तळाशी पांढुरका फेस साचला होता, सोड्याचं उघडं पोतं आडवं पडलं होतं, आणि त्याच्या बाजूला भिंतीला टेकून बाबा बसले होते. पाय पुढे पसरलेले. पंचा गळ्यात. हातात ब्रशचा लांब दांडा, त्याचं एक टोक भिंतीला लागलेलं.

"बाबा!"

ती पायऱ्या उतरली, उतारावरून धावली. अर्ध्या वाटेवर श्वास घेतला तो आत गेलाच नाही. छातीत काटेरी फांदी खुपसावी तसं झालं आणि पाय कुणी दुसऱ्याचे असावेत तसे झाले. तेव्हा बाबांनी मान वर केली. डोळे लालभडक. तिला ओळखलं की नाही कोण जाणे. त्यांनी मोजा घातलेला हात उचलला आणि माशी हाकलावी तसा हलवला. जा. जा.

घरातून ठकीचा आवाज येत होता. आई, दार. आई, दार. बाहेरून कडी होती. ही इथे पडली तर ती कडी काढायला या घरात दुसरं कुणी नव्हतं.

ती मागे फिरली. गुडघ्यांवर, हातांवर, कशीतरी पायऱ्या चढून काठावर आली आणि ओकली.

तिथून पुढे ती खाली उतरली नाही. आरडाओरडा करून तिने शेजार गोळा केला, अग्निशमनवाल्यांना फोन केला. कपड्यांची दोरी तोडून खाली फेकली. दोरी बाबांच्या मांडीवर पडली. त्यांनी ती धरली नाही. पलीकडचे शिंपीकाका भिंतीवरून उडी मारून आले ते थेट पायऱ्यांकडे निघाले. तिने त्यांच्या सदऱ्याला दोन्ही हातांनी मिठी घातली.

"उतरू नका! काका, उतरू नका!"

"अगं, माणूस मरतोय तिथे!"

"तुम्ही पण मराल! हवा नाही खाली!"

सदरा खांद्यावर टरकला तरी तिने सोडला नाही. दोघं काठावर उभे राहिले आणि बघत राहिले. शिंपीकाका हाका मारत होते, "बाबा, इकडे बघा, बाबा!" ऐकायचं यंत्र खिडकीतल्या वाटीत होतं, हे सांगायचं तिला सुचलं नाही. दांडा घरंगळला. बाबा कुशीवर कलंडले, सावकाश, झोपेत कूस बदलावी तसे.

तोंडाला नळ्या लावलेली माणसं आली आणि त्यांनी बाबांना वर आणलं तेव्हा श्वास चालू होता. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. ॲसिड संगमरवरी भुकटीच्या गिलाव्याला लागलं की वायू सुटतो. त्यात सोडा टाकला की आणखी. तो हवेपेक्षा जड, पाण्यासारखा खोलगट जागी साचतो. वर झाकण असलं तर उडून जायला वाटच नाही. आधी पाय जातात, ओरडायला छातीत हवा उरत नाही. वर ॲसिडची वाफ फुप्फुस आतून भाजते. "शुद्ध होती त्यांना बराच वेळ," बाई म्हणाल्या. त्यांना ते दिलासा म्हणून सांगायचं होतं.

नवरा आला तो थेट स्टेशनवरून. काचेतून वडिलांकडे बघून झाल्यावर तो तिच्या शेजारी बाकावर बसला.

"आवाज नाही आला तुला काही?"

"आला."

"मग?"

"ठोकत होते."

फोनवर तोही तो आवाज ऐकून हसला होता. समजायला त्याला वेळ लागला नाही. तो म्हणाला, "तू खाली उतरली नाहीस ते बरं केलंस." पाठ केल्यासारखं म्हणाला आणि भिंतीकडे बघत म्हणाला. मग उठून पाणी आणायला गेला आणि खूप वेळ आलाच नाही.

बाबा शुद्धीवर आले नाहीत. इस्पितळातच गेले.

माणसं भेटायला आली. नणंद आली, रडली, आणि डोळे पुसता पुसता म्हणाली, "एवढी डोळ्यांत तेल घालून बसणारी तू. आणि माझ्या बापालाच कुलपात घातलंस?"

नवऱ्याने "ताई, पुरे" म्हटलं. नणंदेने जाताना ठकीला जवळ घेतलं, तिला नाही.

हौद तसाच कोरडा पडून आहे. नवरा म्हणतो बुजवू, आणि मग विषय बदलतो. घरात टेबलांचे स्पंज आहेत, जाळ्या आहेत. ती अजून ठकीवर नजर ठेवते, पण आता नवरा घरी असला की मधूनच उठते आणि तो कुठल्या खोलीत आहे ते बघून येते. तो आंघोळीला गेला की दाराबाहेर उभी राहते. "आहेस ना?" "आहे." "काहीतरी बोल ना." "काय बोलू?" एकदा तो ओरडला, "अगं, नीट साबण तरी लावू दे!" आणि नंतर दाराआडून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला, आणि त्याआड त्याच्या रडण्याचा.

परवा बागेत झोपाळ्यापाशी एक बाई भेटली. दोघींची पोरं एकाच वयाची. बोलता बोलता ती म्हणाली, "घरी जाऊन तरी काय, सासऱ्यांनी पाण्याची टाकी धुवायला काढली आहे. आतून खरवडून काढतायत. कालपासून नुसता खरखराट."

"वर टाकीच्या तोंडाशी कोण आहे?"

"वर? कुणी नाही. आवाज येतोच की खाली घरात, कालपासून..."

"आत्ता कोण आहे तिथे?"

ती बाई हसली. पण हिच्या चेहऱ्याकडे बघून तिचं हसू ओसरलं. दोघी पोरं काखोटीला मारून त्या बाईच्या घरी निघाल्या. जिना चढताना हिला धाप लागली, गच्चीवर पोहोचेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली. टाकीचं झाकण उघडं होतं. आतून म्हातारबुवांनी डोकं वर काढलं, केस शेवाळाने माखलेले.

"काय गं? काय झालं? पाहुणे आलेत का?"

"काही नाही बाबा," त्यांची सून ओशाळून म्हणाली. "ह्या म्हणाल्या, बघून येऊ."

"बघून येऊ? मी काय प्रदर्शनात आहे?" ते चिडून पुन्हा आत गेले. ही गच्चीच्या कठड्याला धरून उभी राहिली. सून परत निघाली तेव्हा हिने तिचा हात धरला. "तुम्ही थांबा इथे. पोरं मी बघते." आणि ते बाहेर येईपर्यंत, दोन्ही पोरांना मांडीवर घेऊन, ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिली. लोक तिला वेडी म्हणतात. म्हणू देत.

तिचं तुमच्याकडेही एक मागणं आहे, म्हणून तर हे सगळं सांगितलं. तुमच्या घरात आत्ता कुणीतरी एकटं काहीतरी करत असेल. कुणाचे वडील माळ्यावर चढले असतील, कुणाची आई बाथरूम बंद करून फरशीवर ॲसिड ओतत असेल, कुणाचा भाऊ विहिरीत, टाकीत, तळघरात उतरला असेल. आवाज येतोय म्हणून तुम्ही निवांत वाचत बसला असाल. हाक मारू नका, हाकेला 'हं' म्हणायची सवय सगळ्यांनाच असते. हे बाजूला ठेवा, उठा, आणि त्यांचा चेहरा बघून या.